उलटा वर्ग

"वाचा," असं म्हणून चांदोरकर सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पण खालचा भाग तळहाताने झाकून धरला.

मी उभ्याउभ्याच वाचला. टाइप केलेलं पत्र होतं. मुख्याध्यापकांच्या नावाने, विषय 'इयत्ता नववीच्या गणिताच्या अध्यापनाबाबत'. इंगवलेबाई वर्गात शिकवत नाहीत. मुलांना घरी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लावतात. तासाला मुलं घोळके करून बोलत बसतात आणि बाई नुसत्या फिरतात. सहामाहीत हुशार मुलांचे गुण घसरले आहेत. त्यानंतर आणखी एक परिच्छेद असावा, पण तो सरांच्या हाताखाली होता.

"सह्या किती आहेत, सर?"

"अकरा."

"कोणाच्या?"

"ते शनिवारी कळेल. अध्यक्षांनी, दाजी शेट्यांनी, शाळा समितीची बैठक लावलीय. तिथे पत्र पूर्ण वाचलं जाईल. तुम्ही तुमचं म्हणणं लेखी घेऊन या."

"पण सर, जूनमध्ये तुम्हीच मला..."

"इंगवलेबाई," सर म्हणाले आणि कागद उचलून खणात टाकला, "घंटा झालीय. नववीचा तास आहे ना तुमचा?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कऱ्हाडकडची. पाचखोलच्या माध्यमिक विद्यालयात शिक्षण सेवक म्हणून लागले त्याला तिसरं वर्ष चालू होतं. ही तीन वर्षं नीट गेली की नोकरी कायम होते. आणि ती नीट गेली की नाही, हे शाळा समिती ठरवते. माझी तीन वर्षं मार्चमध्ये पुरी होणार होती. हे पत्र आलं डिसेंबरात.

पाचखोल म्हणजे सड्याच्या, वरच्या उघड्या कातळपठाराच्या, पायथ्याला पसरलेल्या नऊ वाड्या. गावात मोबाईलची रेंज बाजारपेठेत आणि वर सड्यावर, मध्ये कुठेच नाही. अशा गावात व्हिडिओवर गणित शिकवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात. तिथे एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावर उदाहरण समजावून देता तेव्हा मुलाला तुमची गरज फारशी नसते. तो घरी एकटा गृहपाठाला बसतो आणि अडतो, तेव्हा असते. आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. मग हे उलटं का करू नये? समजावणं घरी जाऊ दे, अडणं वर्गात आणा." माझ्या शेजारचे दोन शिक्षक चहा कधी येणार याची चर्चा करत होते. मी मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

परत आले ते थेट प्रतिभाताईंना सांगायला.

प्रतिभा गुरव आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. पंधरा वर्षांची नोकरी, गावात मान, अक्षर असं की शाळेचं प्रत्येक मानपत्र त्यांच्या हातचं. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घरात ताई आणि त्यांची मुलगी ऋजुता. मी त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. पहिल्या महिन्यात मी खानावळीचा डबा लावला होता, ताईंनी तो एक दिवस उघडून बघितला, वरणावर तरंगणारं तेल बघून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून हा बंद. दोघींच्यात तिसरी काही जड नाही." तेव्हापासून मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवायचे. माझी आई त्यांच्या घरच्या लँडलाइनवर आधी त्यांच्याशी बोलायची, मग माझ्याशी.

"कर की," ताई म्हणाल्या. "मोबाईल धरायला मी आहे ना."

चांदोरकर सरांनाही विचारलं. ते म्हणाले, "करा. नवीन काहीतरी व्हायला हवंच. फक्त लेखी परवानगी वगैरे मागू नका, उगाच कागद वाढतात."

पहिला व्हिडिओ आम्ही ताईंच्या पडवीत केला. भिंतीला काळा पुठ्ठा लावून मी समांतर रेषा शिकवल्या, ताईंनी मोबाईल धरला. तो व्हिडिओ झाला बावीस मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर अडतीस मुलांपैकी सहा जणांनी तो शेवटपर्यंत बघितलेला. एक मुलगा म्हणाला, "बाई, मस्त झोप लागली." मी घरी येऊन रडवेली झाले. ताई हसून म्हणाल्या, "अगं, तू वर्गात बोलतेस तशीच बोललीस. वर्गात मध्येच कोणाला तरी ओरडतेस, खडू फेकतेस, म्हणून मुलं जागी राहतात. इथे कोणाला ओरडणार?"

मग मी शिकत गेले. एका व्हिडिओत एकच गोष्ट, सात मिनिटांच्या वर नाही. शेवटी एक छोटा प्रश्न. त्याचं उत्तर वहीत लिहून आणायचं आणि तासाला आत शिरताना दारातच मला दाखवायचं. उत्तर चुकलेलं चालेल, कोरं चालणार नाही. तेरा मुलांच्या घरी चालणारा मोबाईल नव्हता. त्यांच्यासाठी संगणक कक्षातली तीन जुनी यंत्रं प्रार्थनेच्या आधी पाऊण तास सुरू असायची. बाकीच्यांना मी बाजारपेठेतल्या दुकानातून मेमरी कार्डं भरून आणून द्यायचे. तासाला चौघाचौघांचे गट. गटात ज्याला उदाहरण आलं त्याने पेन हातात घ्यायचं नाही, फक्त बोलायचं. हा नियम करायला मला दीड महिना लागला, कारण तोवर प्रत्येक गटातलं एक हुशार मूल सोडवायचं आणि बाकीची तिघं उतरवून घ्यायची. आणि मी फिरायचे. जिथे अडलंय तिथे जाऊन बसायचे.

गावात याला 'उलटा वर्ग' नाव पडलं. बाजारात एका बाईने मला विचारलं, "तुम्हीच का त्या उलट्या वर्गाच्या बाई?" मला ते आवडलं होतं.

आमच्या वर्गात धनगरवाड्यावरची मनीषा झोरे होती. सड्यावरून तास-सव्वातास चालत यायची. दोन वर्षांत मी तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. ती सकाळी पावणेदहाला संगणक कक्षाच्या दारात उभी असायची, तोच व्हिडिओ तीन-तीनदा बघायची. ऑगस्टमध्ये ती गटात बोलायला लागली. सप्टेंबरमध्ये भांडायला लागली. सहामाहीला तिला शंभरपैकी त्र्याहत्तर मिळाले. आदल्या वर्षी एकतीस होते. उत्तरपत्रिका हातात घेऊन ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं बेरीज चुकलीय की काय.

ऋजुताला मिळाले एकसष्ट.

ऋजुता पाचवीपासून वर्गात पहिली. आईसारखंच अक्षर, वही बघतच राहावी अशी. पुस्तकातलं उदाहरण तिला स्वल्पविरामासकट येई. उलट्या वर्गात मात्र पुस्तकातलं उदाहरण कोणी विचारतच नव्हतं. दोनेक वेळा तिने मला विचारलं होतं, "बाई, हे पुस्तकात कितव्या पानावर आहे?" मी म्हणाले होते, "कुठल्याच नाही." सहामाहीला ती सातवी आली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा ताई भाजी निवडताना म्हणाल्या, "शलाका, ऋजूला जरा पहिल्यासारखं शिकव ना. घरी, वेगळं. तासभर."

मी म्हणाले, "ताई, थोडे दिवस. तिला सवय नाही चुकायची. थोडं अडखळू दे तिला."

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी भाजी वगैरे काही हातात नव्हतं. मी पुन्हा तेच सांगितलं. वर प्रशिक्षणातलं एक वाक्यही ऐकवलं. ताई "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीच्या आंबोळ्या केल्या होत्या, त्यामुळे विषय संपला असं मी धरलं.

सरांनी पत्र दाखवलं तो बुधवार. शाळा सुटल्यावर मी धावत घरी आले आणि ताईंच्या पुढ्यात बसून ढसाढसा रडले. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"कोण असतील हो, ताई?"

"काय सांगणार. अकरा म्हणजे कोणीही."

"शेट्यांचा पुतण्या नक्की. त्याला गटात बसायलाच आवडत नाही. आणि खालच्या वाडीतले साळवी. ते मला बसमध्ये म्हणाले होते, मोबाईल दिला की पोरगा गेम खेळतो."

"असतील," ताई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी बसून एकेक नाव काढलं. आठ झाली, पुढे सुचेनात. मग ताई म्हणाल्या, "नावं सोड. उत्तर लिही. आण कागद."

ते उत्तर खरं तर त्यांनीच लिहिलं. मी तणतणत बोलत होते, त्या त्याचं चांगलं मराठी करत होत्या. 'विद्यार्थ्यांच्या आकलनात झालेली वाढ' असं त्यांनीच सुचवलं. मनीषाचे गुण लिहू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लिही, पण नाव नको. बाकीच्यांना लागेल." शेवटी मी म्हणाले, "आणि सरांनी तोंडी परवानगी दिली होती, हेही घालते."

ताईंनी पेन थांबवलं.

"ते नको. चांदोरकरांना कोंडीत पकडलंस तर ते उलटतील. त्यांना त्यांच्या तोंडाने सांगू दे. ते सांगतील."

मला ते पटलं. मी ते वाक्य घातलं नाही.

शनिवारी दुपारी बैठक भरली, शिक्षकांच्या खोलीत. दाजी शेट्ये मधल्या खुर्चीत. काजूचा कारखाना, देवळाचे मानकरी आणि वीस वर्षं शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्या एका बाजूला चांदोरकर सर, दुसऱ्या बाजूला समितीचे तिघे. समोर बाकांवर पालक. मला वाटलं होतं नववीचे सगळे पालक असतील. मोजले तर दहा. मनीषाचे वडील कुठे दिसेनात. नंतर कळलं, बैठकीची चिठ्ठी फक्त सही करणाऱ्यांनाच गेली होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर प्रतिभाताई इतिवृत्ताची वही घेऊन बसल्या होत्या. शिक्षकांच्या वतीने बैठकीची नोंद त्याच ठेवायच्या. त्यांना बघून मला धीर आला.

"वाचा, सर," शेट्ये म्हणाले.

चांदोरकर सरांनी पत्र वाचलं. पहिला भाग मला पाठच होता. मग ते हाताखालच्या परिच्छेदावर आले.

"'सदर पद्धतीबाबत खुद्द बाईंनाच खात्री नाही. त्यांनी स्वतः बोलून दाखवलं आहे की, मला तरी कुठे माहीत आहे हे जमणार आहे की नाही, पोरांवर करून बघतेय झालं. आमची मुलं ही करून बघण्यासाठी नाहीत, याची नोंद घ्यावी.'"

खोलीत कोणीतरी खाकरलं. एक पालक म्हणाले, "असं म्हणाल्या बाई? कमाल आहे."

मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. जुलैमध्ये, पडवीत, फणसाच्या आठळ्या सोलताना, तो बावीस मिनिटांचा व्हिडिओ फसला त्या आठवड्यात. ऐकायला एकच माणूस होतं. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "अगं, सगळ्यांचं असंच असतं. मी पहिल्या वर्षी व्याकरण शिकवताना स्वतःच पुस्तक लपवून बघायचे."

मी कोपऱ्याकडे बघितलं. ताईंची मान खाली होती. पेन चालू होतं. सरांनी वाचलेलं वाक्य त्या त्यांच्या त्या सुरेख अक्षरात वहीत उतरवून घेत होत्या.

"बाई, तुमचं म्हणणं काय?" शेट्ये म्हणाले. "हे बोललात की नाही तुम्ही?"

"बोलले होते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. "पण ते जुलैमध्ये. नंतर..."

"म्हणजे बोललात."

उत्तराची एक प्रत मी सकाळीच सरांना दिली होती. हातातली दुसरी मी वाचायला घेतली. 'विद्यार्थ्यांच्या आकलनात झालेली वाढ' इथपर्यंत आले आणि पुढचं अक्षर दिसेना. ते सगळं मराठी त्यांचं होतं. मी कागद खाली ठेवला आणि सरांकडे वळले. "सर, तुम्ही जूनमध्ये मला परवानगी दिली होती. सांगा ना."

चांदोरकर सरांनी चष्मा काढला, पुसला.

"त्या काहीतरी व्हिडिओबद्दल म्हणत होत्या खऱ्या," ते शेट्यांना म्हणाले. "मला वाटलं एखाद-दुसरा दाखवतील. शिकवणंच बंद करतील अशी कल्पना नव्हती. त्यांच्या उत्तरातही परवानगीचा उल्लेख नाही, तुम्ही बघालच."

पाऊण तासात बैठक संपली. सोमवारपासून गणित फळ्यावर. संगणक कक्ष प्रार्थनेआधी उघडायचा नाही. मला कायम करण्याचा विचार मार्चमध्ये, 'अध्यापनात सुधारणा दिसल्यास'. प्रतिभाताईंनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझ्यापुढे वही ठेवली तेव्हा बोटाने जागा दाखवली. त्या जागेच्या वर तक्रारदारांची यादी होती. अकरावं नाव: सौ. प्रतिभा गुरव, पालक.

मी घरी त्यांच्या आधी पोचले. पडवीत उभी राहिले. ऋजुता गाण्याच्या क्लासला गेली होती. ताई आल्या, चपला काढल्या, पाय धुतले, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. नेहमीसारखं तीन कपांचं.

"तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "हो."

"पूर्ण पत्र?"

"बाकीच्या दहा जणांना काय लिहायचं ते सुचत नव्हतं. त्यांना नुसता राग होता. मला भाषा येते."

"आणि माझं उत्तर? तेही तुम्हीच लिहिलंत, ताई. इथे बसून. मी तुमच्या पुढ्यात बसून रडत होते."

"तेही चांगलंच लिहिलं," त्या म्हणाल्या. त्यात बढाई नव्हती. जे होतं ते सांगितल्यासारखं. "तू आलीस रडत. मी काय करणार होते? हाकलून देणार होते?"

"ते वाक्य कशाला घातलंत? बाकी काहीही लिहायचं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं होतं. फक्त तुम्हाला."

आता त्या वळल्या. डोळे कोरडे होते.

"बाकी सगळ्याला तू उत्तर दिलं असतंस. त्याला देता येणार नव्हतं, म्हणून. दोनदा सांगितलं मी तुला, शलाका. दोनदा. घरातली म्हणून मागितलं. तू मला काय म्हणालीस? अडखळू दे तिला. अगं, ती पहाटे उठून तुझे व्हिडिओ बघते आणि कळत नाही म्हणून वही बंद करून बसते. ती माझी मुलगी आहे. तू करून बघायला आणलेली नाही."

"मला सरळ सांगायचं होतं, बंद कर म्हणून."

"केलं असतंस?"

आधण उतू गेलं. त्यांनी गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला. चहा कोणीच घेतला नाही.

सोमवारी मी फळ्यावर शिकवलं. बाकं पुन्हा रांगांत लावली होती. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' असं वर लिहिलं, खाली उदाहरण सोडवलं, मुलांनी उतरवून घेतलं. पाठीमागे इतकी शांतता होती की मी दोनदा वळून बघितलं, मुलं आहेत ना म्हणून. चांदोरकर सर खिडकीवरून गेले आणि मान डोलावली.

तास संपता संपता मनीषा झोरे उभी राहिली.

"काय गं?"

"बाई, तिसरी ओळ नाही कळली."

मी पुन्हा सांगितली. ती उभीच.

"संगणकावर मी तुम्हाला थांबवायची," ती हळू म्हणाली. "मागे न्यायची. आता कसं करायचं?"

दोघं-तिघं हसली. घंटा झाली. "मधल्या सुट्टीत ये," मी म्हणाले. मधल्या सुट्टीत ती आली, पण मला शेट्यांच्या कारखान्यातून शाळेसाठी आलेली कपाटं मोजून घ्यायला पाठवलं होतं. त्यानंतर ती आली नाही.

एक आठवडा मी त्याच घरात राहिले. दुसरी खोली मिळेपर्यंत इलाज नव्हता. जेवायला बाहेर जायचे. ताईंनी पहिले दोन दिवस माझं ताट वाढून झाकून ठेवलं, मग बंद केलं. आम्ही दोघी सकाळी एकाच विहिरीचं पाणी काढायचो, एकाच वाटेने शाळेत जायचो, वीस पावलांचं अंतर ठेवून. शाळेत कोणी काही विचारलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी आत आले की बोलणं थांबायचं आणि मग शिपायाला चहा सांगितला जायचा.

सगळ्यात वाईट काय होतं ते सांगते. मला त्यांची सवय झाली होती. काही झालं की सांगायला पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. प्रतिभाताईंनी माझ्याशी काय केलं, हे मला प्रतिभाताईंनाच सांगायचं होतं.

पुढच्या रविवारी बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळाली. दुपारी मी सामान बांधलं. दोन बॅगा, पुस्तकांचं खोकं आणि तो काळा पुठ्ठा. पुठ्ठा मी भिंतीलाच ठेवला. ताई देवळात गेल्या होत्या, बहुतेक मुद्दामच. मी एक बॅग आणि खोकं घेऊन निघाले तर ऋजुता आतून आली आणि तिने दुसरी बॅग उचलली.

"राहू दे."

"जड आहे, बाई."

रिक्षा वरच्या रस्त्याला मिळते. चढण आहे. ती पुढे चालत होती, वेणी पाठीवर हलत होती. रस्त्याला लागलो, रिक्षा नव्हती. दोघी कठड्याशी उभ्या राहिलो.

"पत्राचं मला माहीत होतं," ती एकदम म्हणाली. समोर बघत. "आईने मला विचारलं होतं, सही करू का म्हणून."

"मग?"

"मी हो म्हटलं."

चौदा वर्षांची मुलगी. मला तिला विचारायचंही नव्हतं, तरी विचारलं. "एवढं वाईट शिकवत होते मी?"

"नाही." तिने जोरात मान हलवली. "वाईट नाही. तुम्ही माझ्याकडे यायच्याच नाहीत. सगळ्यांच्या गटात जाऊन बसायच्या. मनीषाच्या तर रोज. माझ्याकडे जूनपासून एकदापण नाही. घरी तुम्ही मला ऋजू म्हणता आणि वर्गात 'गुरव'. मी हात वर केला तरी म्हणायच्या, गुरव, गटात विचार."

"अगं, मी तुमच्या घरी राहत होते. लोक म्हणाले असते, बाई घरमालकिणीच्या मुलीला..."

"माहितेय मला. आईपण हेच म्हणाली. मी म्हटलं, मग बाईंना दुसरीकडे राहू दे."

वळणावर रिक्षा दिसली. मी हात केला. ऋजुताने बॅग आत ठेवली, खोकं सरकवलं. मग दांडीला धरून तशीच उभी राहिली. रिक्षावाला वाट बघत होता.

"बाई, ती शाब्दिक उदाहरणं. दोन चलांची. एक्स कशाला धरायचं तेच मला कळत नाही. तुमचा व्हिडिओ आठ वेळा बघितला. एकदा सांगाल का? दोन मिनिटं."

तिच्या दुसऱ्या हातात वही होती. ती तिने घरातून निघतानाच घेतली असणार. माझं लक्षच नव्हतं.

मला ते दोन मिनिटांत सांगता आलं असतं. जे माहीत नाही आणि जे विचारलंय, त्याला एक्स धर, मग उरलेलं वाक्य त्याच्याशी जोड. कठड्यावर बसून एक उदाहरण केलं असतं तरी झालं असतं. रिक्षावाला थांबला असता, तो साळव्यांचाच मोठा मुलगा होता. पण मला खाली देवळाच्या वाटेवरून येणारी ताईंची जांभळी साडी दिसत होती.

"आईला विचार," मी म्हणाले आणि रिक्षात बसले.

तिने दांडी सोडली. एवढंच. वही छातीशी धरून ती बाजूला झाली, रिक्षाला वळायला जागा दिली.

मार्चमध्ये समितीने मला कायम केलं, 'अध्यापनात समाधानकारक सुधारणा' असा शेरा देऊन. दोन वर्षांनी मी बदली मागून घेतली. प्रतिभाताईंशी मी त्यानंतर कामाशिवाय बोलले नाही, आजही बोलत नाही; त्यांनी जे केलं ते मला माफ करता आलेलं नाही आणि तसा आव मी आणत नाही. त्या वर्षी मार्चपर्यंत मी नववीला फळ्यावर शिकवत राहिले. ऋजुता खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. मी लिहिलेलं सगळं सुरेख अक्षरात उतरवून घ्यायची. वार्षिकला पुस्तकातली उदाहरणं आली आणि ती वर्गात पहिली आली. तिने हात वर करावा म्हणून मी रोज तासाच्या शेवटी थोडी थांबायचे. तिने एकदाही केला नाही.